साताऱ्याहून मुंबईची रात्रसफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी साताऱ्यातून निघायचं, आलिशान गाडीतून निवांत मुंबई गाठायची, जेवून थोडी विश्रांती घ्यायची आणि रात्री अकरानंतर दिव्यांनी उजळलेलं शहर सावकाश फिरून बघायचं. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. सफरीचं स्वरूप एवढंच. फोनवर लोक काय काय विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घरातल्या मोठ्यांना घेऊन जाणार असाल तर सहावा प्रश्न जरूर वाचा.

1. मुंबई आम्ही शंभर वेळा पाहिली आहे. रात्री गाडीतून वेगळं काय दिसणार?

आपल्याकडचा माणूस मुंबईला जातो तो कामाने. केईएमची किंवा टाटा हॉस्पिटलची रांग, मंत्रालयाबाहेर पासासाठी ताटकळणं, दादरला एसटीतून उतरल्यावर सामान सांभाळत पूल चढणं आणि परतीच्या गाडीची घाई. एवढ्या गडबडीत मान वर करून इमारत बघायला सवड कुणाला असते? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसांनी त्या इमारतीचा घुमट कधी नीट पाहिलेला नसतो. 1888 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरचं महापालिका मुख्यालयही त्याच वास्तुविशारदाचं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं. रात्री दोन्ही इमारतींवर रोषणाई असते, चौकातली गर्दी ओसरलेली असते आणि गाडी सावकाश पुढे नेता येते. दिवसा त्याच चौकात हॉर्न, बस आणि माणसं यांच्यापलीकडे काही दिसत नाही.

2. सफर कुठून कुठे जाते?

पनवेलपर्यंत नेहमीचाच रस्ता: खंबाटकी, कात्रज, पुण्याचा बायपास आणि द्रुतगती मार्ग. पनवेलवरून मात्र आम्ही वाशीकडे न जाता चिर्ले गाठतो आणि अटल सेतूवरून मुंबईत शिरतो. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला हा पूल 21.8 किलोमीटर लांब आहे, त्यातले साधारण साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातात. संध्याकाळी या पुलावर असलो तर समोर मुंबईचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला काही अंतर आडोशाचे पत्रे आहेत, तिथे काही दिसत नाही. तेव्हा "पूल संपला का?" असं प्रत्येक गाडीत कुणीतरी विचारतंच. संपलेला नसतो. पत्रे मागे पडले की पुन्हा पाणी दिसू लागतं.

रात्रीची फेरी सीएसएमटीपासून सुरू होते. तिथून हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक इथे आहे. आमच्या पाहुण्यांपैकी बरेचजण इथे गाडी हळू घ्यायला सांगतात, काही जण हात जोडतात. पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर, काळा घोडा आणि गेटवे. गेटवेजवळ सुरक्षेमुळे गाडी अगदी कमानीपर्यंत जात नाही. जरा अलीकडे उतरून चालावं लागतं. मग मंत्रालयावरून नरिमन पॉइंट. वाटेत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान लागतं. आपल्या कऱ्हाडच्या माणसाचं नाव राजधानीच्या ऐन मोक्याच्या जागी वाचताना कुणालाही बरंच वाटतं.

नरिमन पॉइंटला गाडी वळली की मरीन ड्राइव्ह सुरू. सफरीचा हा भाग आम्ही जाणीवपूर्वक संथ ठेवतो. चौपाटीपर्यंत जाऊन मलबार हिल चढायचं. ज्याला राणीचा रत्नहार म्हणतात ती दिव्यांची वळलेली ओळ मरीन ड्राइव्हवरून नव्हे, वाळकेश्वरच्या चढावरून दिसते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खाली रस्त्यावर असताना आपण त्या माळेच्या आतच असतो, माळ दिसणार कशी?

मलबार हिल उतरून पेडर रोड, हाजी अली आणि वरळी सी-फेस. तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून वांद्रे. वांद्र्याला चहा घेऊन त्याच सेतूने परत फिरायचं आणि थेट किनारी रस्त्याला, म्हणजे कोस्टल रोडला, लागायचं. सप्टेंबर 2024 मध्ये सेतू आणि किनारी रस्ता एकमेकांना जोडले गेले, आणि जानेवारी 2025 पासून वांद्र्याहून येतानाही मधे वरळीत उतरावं लागत नाही. या रस्त्याला छत्रपती संभाजी महाराजांचं नाव आहे. त्याचे मलबार हिलखालचे दोन किलोमीटरहून जरा लांब जोडबोगदे ज्या यंत्राने खोदले, त्या यंत्राचं नाव होतं ‘मावळा’. 12.19 मीटर व्यासाचं ते यंत्र. साताऱ्याच्या पोरांना हे सांगितलं की बोगद्यात शिरताना ती काचेला नाक लावून बसतात. बोगद्यातून बाहेर आलं की पुन्हा मरीन ड्राइव्ह.

3. किती वाजता फिरायचं? नऊला सुरू करून अकराला झोपता येणार नाही का?

येईल, पण सफरीची मजा जाईल. मुंबईत नऊ वाजता ऑफिसातून घरी जाणारी गर्दी संपलेली नसते आणि जेवायला बाहेर पडलेली गर्दी सुरू झालेली असते. पेडर रोडवर गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. अकरा ते दोन ही खरी वेळ. रविवार ते गुरुवारच्या रात्री शुक्रवार-शनिवारपेक्षा कितीतरी मोकळ्या असतात. म्हणून शक्य असेल तर रविवारी निघा, सोमवारी परत या.

ज्येष्ठांना इतकं जागवायचं कसं, ही शंका बरोबर आहे. संध्याकाळी लवकर पोचायचं, आठपर्यंत हलकं जेवायचं आणि साडेदहापर्यंत चक्क झोपायचं. दोन तासांची झोप झाली की रात्री दीडलाही माणूस ताजातवाना असतो. ही झोप टाळून "थेट फिरायला नेऊ" असं म्हणणाऱ्यांची माणसं वरळीच्या आसपास घोरायला लागतात.

4. आलिशान गाडीच कशाला? आमची घरची गाडी आहे.

घरची गाडी घेऊन जरूर जा. शहर तेच दिसतं. फरक पडतो तो शरीराला. सातारा-मुंबई एका बाजूला साधारण अडीचशे किलोमीटर, त्यावर रात्रीची फेरी. एवढं बसल्यावर कंबर धरलेली असेल तर बाहेर ताजमहाल उभा केला तरी मन लागत नाही.

आमच्याकडे मर्सिडीज-बेंझची लांब व्हीलबेसची ई-क्लास आहे. या गाड्या आपल्या चाकणच्याच कारखान्यात जोडल्या जातात. मागची सीट मागे कलते, मांडीखाली भरपूर आधार मिळतो, पाय मोकळे पसरता येतात. आणि आत शांतता असते. ही शांतता मला सगळ्यात मोलाची वाटते. नातू हळू आवाजात काहीतरी विचारतो आणि कमी ऐकू येणाऱ्या आजीला ते दुसऱ्या फटक्यात ऐकू जातं. साध्या गाडीत टायरच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागतं, मग थोड्या वेळाने कुणी बोलतच नाही.

एक अडचण आधीच सांगतो. ही गाडी उंचीला कमी आहे. गुडघे दुखणाऱ्यांना बसणं सोपं, पण उठताना खालून वर यावं लागतं. ज्यांचे गुडघे फारच धरलेले आहेत त्यांच्यासाठी उंच एसयूव्ही बरी. तसं आधी कळवा.

5. कुणी कुठे बसावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा.

आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालते. नरिमन पॉइंटहून चौपाटीकडे निघालं की समुद्र डाव्या हाताला आणि अगदी लगत येतो. उलट दिशेने आलात तर मधे समोरून येणारी सगळी वाहनं असतात. म्हणून आम्ही मरीन ड्राइव्ह नेहमी दक्षिणेकडून उत्तरेकडे करतो आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला मागे डावीकडे बसवतो. ती जागा मालकाची समजली जाते. पुढची सीट सरकवायचं बटणही तिथेच असतं. किनारी रस्त्याने परतताना मात्र खुला समुद्र आणि हाजी अलीचा दर्गा उजवीकडे येतात, डावीकडे शहराच्या उंच इमारती. वांद्र्याला चहासाठी उतरता तेव्हाच जागा बदलून घ्या, म्हणजे दुसऱ्यालाही पाणी बघायला मिळतं.

आणखी एक. या गाड्यांच्या आत रंगीत दिव्यांच्या पट्ट्या असतात, पुढे मोठा पडदा असतो. फोटोत ते फार देखणं दिसतं, पण आतला प्रत्येक दिवा काचेवर उमटतो आणि बाहेरचं दृश्य पुसट करतो. सीएसएमटीला पोचायच्या आधी आमचा ड्रायव्हर आतले दिवे आणि पडदा मालवतो. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की बाहेरची नक्षी स्वच्छ दिसू लागते. एसीही चोवीस-पंचवीसवर ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत काच जास्त गार झाली की तिच्यावर बाहेरून वाफ धरते. आतून कितीही पुसलं तरी ती जात नाही आणि लोक उगाच रुमाल घासत बसतात.

6. माझ्या वडिलांनी मुंबईत पस्तीस वर्षं काढली. त्यांना यात काय रस असणार?

सर्वांत जास्त रस त्यांनाच असतो. ही सफर मुळात अशा माणसांसाठी आहे, असं मी मानतो.

जावळी, पाटण, खटाव, माण, कोरेगाव. या तालुक्यांतल्या घराघरातून माणूस मुंबईला गेला. कुणी गिरणीत साच्यावर, कुणी गोदीत, कुणी मसजिद बंदरला माथाडी म्हणून. दहा बाय बाराच्या गावकीच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपले. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच्याच वळकटीवर अंग टाकायचं. जेवण खानावळीत, पैसे मनिऑर्डरने गावाकडे. ज्या मरीन ड्राइव्हचं नाव आपण इतकं घेतो, तिथे यातल्या कित्येकांनी पस्तीस वर्षांत मोजक्या वेळा पाऊल टाकलं. त्यांनी मुंबई चालवली, पण मुंबई बघायला सवड त्यांना मिळाली नाही.

म्हणून घरात असा माणूस असेल तर आम्ही फेरीत गिरणगाव घेतोच. लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, डिलाइल रोड, लोअर परळ. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. रात्री बारा वाजता तिथून जाताना एखादं धुरांडं दिसलं की मागच्या सीटवरचा माणूस बोलू लागतो. इथे आमचं गेट होतं. इथला भोंगा अमुक वाजता व्हायचा. इथे दिवाळीला बोनस मिळाला की इथूनच कापड घ्यायचो. मुलांनी हे आधी कधी ऐकलेलं नसतं, कारण घरी कुणी विचारलेलं नसतं.

पाटणकडचे एक आजोबा आले होते, जन्मभर माथाडी. त्यांना गेटवे बघायचा नव्हता, दाणाबंदर बघायचं होतं. मसजिद बंदरच्या गल्ल्यांत रात्री हातगाड्या उभ्या असतात, त्यामुळे लांब गाडी आत नेता आली नाही. तोंडाशी लावली. ते मुलाच्या हाताला धरून चालत एका बंद गोदामापर्यंत गेले आणि शटरवर पालथा हात ठेवून, छातीच्या वर किती थप्पी लागायची ते दाखवू लागले. तेव्हाचं पोतं शंभर किलोचं. मानेवरचा घट्टा त्यांनी नातवाच्या बोटांनी चाचपून दाखवला. माथाडी कायदा 1969 चा. त्याआधी वाराई, म्हणजे मालाच्या चढ-उताराची मजुरी, कशी मिळायची आणि आपल्याच पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माणसं कशी एकत्र बांधली, हे सगळं त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. त्या रात्री आमचा सागरी सेतू राहून गेला, आणि त्या कुटुंबातल्या कुणीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तेव्हा वडिलांना आधी विचारा: अण्णा, कुठली गल्ली बघायची? नाव सांगतील तिथे नेऊ. चाळ पडली असेल, रस्त्याचं नाव बदललं असेल, तरी जवळपास पोचता येतं. फक्त एक विनंती आहे. ते बोलत असताना गाडीतली गाणी बंद ठेवा.

7. पुलावर थांबून फोटो काढता येतील का?

नाही. अटल सेतू, सागरी सेतू आणि किनारी रस्ता, तिन्हीकडे गाडी थांबवायला मनाई आहे आणि कॅमेरे लागलेले आहेत. शिवाय ते धोक्याचंही आहे. मागून येणाऱ्याला थांबलेली गाडी कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कुणी कितीही आग्रह केला तरी आमचा ड्रायव्हर थांबणार नाही.

फोटोसाठी वरळी सी-फेस आणि वांद्रे रेक्लमेशन या जागा चांगल्या. दोन्हीकडून सेतूच्या तारांवरचे दिवे दिसतात. सीएसएमटीचा फोटो समोरच्या फुटपाथवरून काढा. चालत्या गाडीतून काढायचा असेल तर फोन काचेला टेकवून धरा, हात स्थिर राहतो.

8. सनरूफमधून उभं राहता येईल का? मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग?

दोन्हीला नाही.

सनरूफ आकाश बघायला आहे. सागरी सेतूच्या मनोऱ्यांखालून जाताना मान मागे टाकून वर बघा, तारा पंख्यासारख्या उघडत जातात. ते बसून, पट्टा लावून बघायचं. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. ब्रेक लागला तर उभं असलेलं पोर कुठे फेकलं जाईल याची कल्पना करवत नाही. वेगाबद्दल सांगायचं तर किनारी रस्त्यावर सरळ भागात ताशी 80, बोगद्यात 60 अशी मर्यादा आहे. द्रुतगती मार्गावर सपाटीला 100, बोरघाटात 60. बघायला निघालेल्या माणसाला वेग हवा कशाला? मरीन ड्राइव्ह आम्ही तीस-पस्तीसच्या वेगाने करतो, तरी ती लवकर संपली असंच सगळे म्हणतात.

9. मुलांना गाडी लागते.

आलिशान गाड्यांची झुलती चाल काहींना उलट जास्त लागते, हे खरं आहे. पोट तुडुंब भरून बसवू नका, खंबाटकी आणि बोरघाटात मोबाईल हातातून काढून घ्या, आवळासुपारी जवळ ठेवा. घाटात सांगाल तेव्हा हळू घेऊ, सुरक्षित जागा बघून थांबवूही. शहरातल्या फेरीत सहसा त्रास होत नाही.

10. रात्री खायचं काय?

जेवण आठलाच झालेलं असतं, त्यामुळे रात्री थोडंसं तोंडात टाकण्यापुरतं. इराणी हॉटेलं त्या वेळी बंद असतात, त्यांच्यासाठी सकाळ ठेवा. ब्रुन मस्का आणि चहा घेऊनच परतीला लागा. चौपाटीवर कुल्फी मिळते. सामिष खाणाऱ्यांसाठी ताजच्या मागे बडेमियाँ आहे, 1946 पासूनचं. रमजान असेल तर मोहम्मद अली रोडवर पहाटेपर्यंत खाण्याची जत्रा असते, पण गाडी दूर लावून चालायची तयारी हवी.

गाडीत खाल्लं तर चालतं. आजीने घरून आणलेली धपाटी आणि दही असेल तर ड्रायव्हरलाही द्या. पाणी, टिश्यू, पिशवी गाडीत असते.

11. कोणता महिना चांगला?

पाऊस नुकता सरलेला असतो तो काळ, म्हणजे सप्टेंबरअखेर ते दिवाळी. हवा धुतलेली असते, लांबचे दिवे स्पष्ट दिसतात. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत थंडी सुखाची असली तरी मुंबईवर धुरकं दाटतं आणि मलबार हिलवरून समोरच्या इमारती पुसट होतात. फेब्रुवारी-मार्च पुन्हा बरा. मे महिन्यात रात्रीसुद्धा घाम फुटतो, खाली उतरून चालणं नकोसं होतं.

पावसाळ्याचं वेगळं आहे. ओल्या डांबरावर प्रत्येक दिवा दोनदा दिसतो, मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा कठड्यावर आपटतात. ज्यांना हे बघायचंय त्यांनी जुलै-ऑगस्ट निवडावा. पण अतिवृष्टीचा इशारा असेल तर आम्ही निघत नाही. हिंदमाता, सायन, मिलन सबवे तुंबले की आलिशान गाडीही तिथेच बसते आणि घाटात दरड पडायची भीती वेगळी.

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या सुमारास सीएसएमटी आणि महापालिका तिरंग्यात उजळतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दीची तयारी ठेवा. 31 डिसेंबरला आम्ही बुकिंग घेत नाही.

12. अँटिलिया आणि मन्नत दाखवणार का?

वाटेवरच आहेत, जाता जाता दिसतात. दारात गाडी थांबवू देत नाहीत. कुणाचंही घर असलं तरी घरच ते, असं आम्ही धरतो.

13. मुक्काम न करता त्याच रात्री परत येता येईल का?

दोन ड्रायव्हर घेतलेत तरच. एकाच ड्रायव्हरने दुपारी साताऱ्याहून निघून रात्री दोनपर्यंत शहरात फिरवायचं आणि लगेच पहाटे घाट ओलांडायचे, हे आम्ही कुणाकडूनही करून घेत नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे, ती काही उगाच घातलेली नाही. कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार किती जीव घेतो, ते आपण पेपरात वाचतोच.

ड्रायव्हरला मुक्कामाच्या ठिकाणी झोपायला खोली लागते. गाडीत झोपेल, असं कृपया म्हणू नका. सकाळी तुमची आई, तुमची पोरं त्याच्याच हाती असणार आहेत. खोलीचा खर्च आम्ही दरातच धरतो, म्हणजे तिथे घासाघीस होत नाही.

14. दर कसा ठरतो? टोल वेगळा का?

किलोमीटर, दिवस आणि ड्रायव्हरची संख्या यावर. आकडा फोनवर सांगतो, कारण तुम्ही सातारा शहरातून बसता की म्हसवडहून, यावर तो बदलतो. टोल आणि पार्किंग प्रत्यक्ष पावतीप्रमाणे. आनेवाडी, खेड शिवापूर, द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि सागरी सेतू असे टोल लागतात. अटल सेतूचा टोल सुरुवातीला कारसाठी एकेरी 250 रुपये ठेवला होता. किनारी रस्त्याला टोल नाही. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या मुंबईच्या वेशींवर ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे परतताना वाशीवरून आलात तर अटल सेतूचा टोल वाचतो.

कुणाकडूनही गाडी घ्या, पण नंबरप्लेट बघून घ्या. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण भाड्याने चालवायला तिला परवानगी नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

15. मला स्वतःला चालवायची आहे.

आमच्याकडे ती सोय नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, तशी अधिकृत सेवा शोधा. पण चालवणाऱ्याला शहर दिसत नाही, रस्ता दिसतो. आई-वडिलांबरोबर मागे बसून बघायची संधी सोडू नये असं माझं मत आहे.

16. गाडीत थोडी घेतली तर?

चालणार नाही. रात्री नाकाबंदी असते, आणि गाडीत घरची माणसं असतात.

17. एवढ्या लांब कशाला? साताऱ्यातच रात्रीची चक्कर नाही का होत?

होते, आणि ती सुंदर आहे. यवतेश्वरच्या घाटातून खाली सातारा दिवसापेक्षा रात्री जास्त खुलून दिसतं. मागे अजिंक्यताऱ्याची काळी रेघ, पायथ्याशी राजवाड्यापासून हायवेपर्यंत पसरलेले दिवे. त्यासाठी आलिशान गाडी लागत नाही, दुचाकीही पुरते. कासकडे पुढे रात्री गाडीचे प्रखर दिवे लावून फिरू नका. तिथली जनावरं आणि जागतिक वारशाचा दर्जा मिळालेलं ते पठार यांना रात्र त्यांची त्यांना राहू द्यावी. मुंबईची रात्रसफर ही वेगळी गोष्ट आहे. दोघांत तुलना करायचं कारण नाही.

18. बुकिंग करताना काय सांगावं लागेल?

किती माणसं, त्यांची वयं, कुणाला गुडघ्याचा, साखरेचा किंवा वारंवार लघवीला जाण्याचा त्रास आहे का. शेवटचं सांगायला लोक संकोचतात, पण आम्हाला तेच आधी कळायला हवं. द्रुतगती मार्गावर फूडमॉलमध्ये सोय चांगली आहे. दक्षिण मुंबईत रात्री मात्र मोजक्याच जागा उघड्या असतात, त्यामुळे फेरीचा क्रम सीएसएमटी स्टेशन आणि मुक्कामाचं हॉटेल धरून आखावा लागतो.

ई-क्लासमध्ये मागे दोघं आरामात, तिघं बसू शकतात पण मधल्याला पाय ठेवायला अडचण होते. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर मोठी गाडी सुचवू. बॅगा मऊ आणा, डिकीत स्टेपनीने जागा घेतलेली असते.

आणि गावचा रस्ता कसा आहे ते नक्की सांगा. ही गाडी पोवई नाक्यावर, बसस्थानकाजवळ, कऱ्हाड, वाई, कोरेगावच्या डांबरी रस्त्यांवर कुठेही येते. वाडीवस्तीवरच्या उंच गतिरोधकाला किंवा ओढ्याच्या फरशीला मात्र तिचं पोट घासतं. तशी वाट असेल तर घरापासून डांबरीपर्यंतचे दोन-तीन फोटो पाठवा. गाडी येत नसेल तर तिथपर्यंत मोठ्यांना आणायला आम्ही दुसरी उंच गाडी पाठवतो, त्याचे पैसे लागत नाहीत.